निव्वळ शहरी की मिश्र मतदारसंघ?

औरंगाबादची लोकसभेची जागा फेररचनेत निव्वळ शहरी करावी की शहर-ग्रामीण मिश्रच ठेवावी, हा प्रश्न आहे. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका जागेत 6 विधानसभा मतदारसंघ बसतात आणि ते फोडता येत नाहीत. सध्याच्या औरंगाबाद मतदारसंघात छत्रपती संभाजीनगर शहराचे तीन (मध्य, पूर्व, पश्चिम) आणि ग्रामीण भागाचे कन्नड, गंगापूर, वैजापूर. ही 2008 ची रचना 2001 च्या जनगणनेवरची. गावांचे टँकर आणि शहराचं ड्रेनेज एकाच खासदाराच्या दारात!

शहरी पर्यायात शेजारच्या जालना लोकसभा मतदारसंघाकडून फुलंब्री घेऊन त्याला कन्नड द्यायचं. वाळूज औद्योगिक वसाहतीमुळे गंगापूर तसंही शहराला चिकटलेलं. पण घोडं अडतं ते इथे: कन्नड नकाशावर जालना मतदारसंघातल्या सिल्लोडला लागून, जालन्याला जायचं तर हमरस्ता मात्र छत्रपती संभाजीनगरातूनच. कायद्यात दळणवळणाची सोयही बघायची असते. आणि ग्रामीण वैजापूर उरतंच. आमच्या मते तूर्त मिश्रच बरा.