आईबाबांचं नाटक: दुपारचा प्रयोग की रात्रीचा?
मूल लहान, शहर मोठं आणि खूप दिवसांनी दोघांनाच नाटकाला जायचंय. पण वेळ कोणती निवडायची?

सगळं अडतं ते मुलाच्या झोपेपाशी. रात्री त्याला झोपवून निघालात तर सांभाळणाऱ्याला फारसं काम उरत नाही. पण नेमकं त्याच दिवशी ते झोपत नाही, तिसरी घंटा चुकते आणि उशिरा आलेल्यांना बऱ्याच ठिकाणी चालू प्रवेश संपेपर्यंत दाराबाहेर थांबवतात. दुपारी ही घाई नसते. मात्र मूल जागं, म्हणजे खाणं, खेळ, रडारड सगळं सांभाळणाऱ्याच्या गळ्यात.

खर्चात दुपार सरस. अडीच तासांचं नाटक जाण्यायेण्यासह चार-पाच तास खातं, ते दोन्हीकडे सारखंच; पण रात्री परतीच्या टॅक्सीची भर पडते. शेवटच्या गाडीकडे लक्ष ठेवून शेवटचा अंक बघण्यात काय मजा?

शिवाय तुकड्यातुकड्यांनी झोपणाऱ्यांना रात्री मध्यंतरानंतर डुलकी लागतेच. महागडी डुलकी!

तान्हं बाळ किंवा सांभाळणारं माणूस नवीन असेल तर दुपार घ्या. मूल रात्रभर सलग झोपणारं, दुसऱ्या दिवशी सुट्टी आणि नाटकानंतर निवांत जेवायची हौस असेल, तर रात्रच.