मुंबई–मँचेस्टर, मध्ये उतरणं नाही
लेकीकडे मँचेस्टरला जायचं म्हणजे आजवर अपरात्री दुबईत उतरून पुन्हा तपासणीची रांग. १ जुलै २०२५ला इंडिगोचं मुंबईहून थेट विमान सुरू झालं आणि ऑगस्टात आम्ही दोघं निघालोच. बोईंग ७८७-९. खिडकीला झडप नाही! खाली बटण, दाबलं की काच हळूहळू निळी-काळी होते. ह्यांनी सहादा दाबून पाहिलं, शेवटी मीच हात धरला. दहा तासांवर बसणं आहे, गुडघेवाल्यांनी येण्याजाण्याच्या वाटेकडचीच सीट घ्यावी. खरा वैताग बडोदा ते मुंबई टॅक्सीचा, एसी वापीलाच बंद पडला. लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा बटाट्याचा ओलसर चिवडा, मात्र नीट पोचला. जावयांनी दारातच पुडा फोडला.