पिकअपच्या चासीवरील गंजरोधक काम: मासळी वाहतूकदाराचे परीक्षण

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूरला मासळी पोहोचवणारी माझी पिकअप आता सात वर्षांची आहे आणि इतक्या वर्षांत आंबा घाट चढता-उतरताना तिच्या इंजिनाने मला एकदाही वाटेत अडकवलेले नाही. क्लचप्लेट एकदा बदलली, मागचे पाटे एकदा भरून घेतले, बाकी खर्च नेहमीच्या ऑइल-फिल्टरचा. गाडीचे आयुष्य आमच्या धंद्यात इंजिन ठरवत नाही, चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा ठरवतो.

अमेरिकेत रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाने पिकअपच्या चासी कुजल्या आणि टोयोटाने २०१६ साली टॅकोमा, टुंड्रा व सिक्वोया या गाड्यांसाठी ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. तिथे मीठ खालून उडते. आमच्याकडे ते वरून ठिबकते. क्रेटमधल्या बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या पत्र्याच्या जोडांतून मागच्या क्रॉसमेंबरवर (चासीच्या आडव्या दांडीवर) उतरते, तिथल्या चिखलात मुरते, आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवत असल्यामुळे गाडी दिवसभर उन्हात उभी असली तरी तो कोपरा पुरता सुकत नाही.

नवी गाडी घेतली तेव्हा एका दुकानात खालून काळा रबरी लेप मारून घेतला होता. तो दिसायला झकास होता. चौथ्या वर्षी मिस्त्रीने हातोडीने ठोकले तेव्हा आवाज बद्द आला, आणि लेप खरवडताच त्यामागून लोखंडाचे पापुद्रे हातात आले. बोल्टांपाशी लेपाला तडे गेले होते, तिथून पाणी आत शिरले आणि बाहेर पडायला वाट राहिली नाही. त्यावर कडी म्हणजे चासीच्या पोटातले पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोकेही त्याच लेपाने बुजवली होती.

त्यानंतर ज्या गॅरेजकडे गेलो, त्यांचे काम मला पटले. त्यांनी सगळा लेप काढला, गोड्या पाण्याने धुऊन गाडी दोन दिवस वाळू दिली, क्रॉसमेंबरला नवी पट्टी जोडली, झिंकचा प्रायमर मारला आणि लांब बारीक नळी भोकांतून घालून पोकळीच्या आत मेणयुक्त तेल फवारले. हे तेल कडक होत नाही, त्यामुळे तडकत नाही. मात्र त्यावर धूळ चिकटते आणि दरवर्षी पुन्हा फवारावे लागते. फवारताना सायलेन्सर न झाकल्यामुळे दोन दिवस केबिनमध्ये जळका वास येत राहिला, हा त्यांचा हलगर्जीपणा.

आज त्या भोकात बोट घातले तर तेलकट पिवळट थर लागतो, तांबडी भुकटी नाही. काम करून घ्यायचे असेल तर मे महिन्यातच न्यावे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी मोकळी असते खरी, पण त्या हवेत चासी वाळत नाही.