मिनिटाला ८० उचली : ‘कॉर्टेक्स’ यंत्रमानवाची पारख

कचरा वेचणाऱ्या यंत्रमानवांच्या माहितीपत्रकात एक आकडा हमखास ठळक छापलेला असतो : मिनिटाला ८० उचली, म्हणजे मिनिटाला ८० वेळा वस्तू उचलणं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या एएमपी रोबोटिक्स या कंपनीचा ‘कॉर्टेक्स’ याच आकड्याने ओळखला जातो. मतान्या होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ही कंपनी काढली. त्यांचा सुरुवातीचा यंत्रमानव डेन्व्हरच्या एका वर्गीकरण केंद्रात दूध-ज्यूसची कागदी खोकी तेवढी वेचायला बसवला होता. आज कॉर्टेक्स बाटल्या, कॅन, पुठ्ठा असं बरंच काही ओळखतो. आकडा खोटा नाही. पण त्यावर भाळून यंत्र घेतलं, तर हिशेब फसतो.

हिशेब असा. रिकामा ॲल्युमिनियमचा कॅन साधारण १३ ग्रॅमचा. मिनिटाला ८० म्हणजे तासाला ४,८०० उचली. एकही उचल वाया गेली नाही आणि यंत्राच्या हाताखाली सतत कॅन येत राहिला, तरी तासाला ६२ किलो आणि आठ तासांच्या पाळीत जेमतेम अर्धा टन. कचरा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर कॅन विरळ असतील तर हात नुसता वाट बघत राहतो, दाट असतील तर बरेच निसटून पुढे जातात. म्हणून यंत्राचा वेग विचारण्याआधी आपल्या पट्ट्यावरून मिनिटाला हवी ती वस्तू किती वेळा जाते, हे दोन-तीन दिवस निरनिराळ्या वेळी मोजून ठेवावं. मोजणी २५ आली, तर ८०ची क्षमता कपाटात ठेवल्यासारखीच आहे.

यंत्राचे दोन भाग वेगवेगळे पारखायला हवेत : डोळा आणि हात. पट्ट्याच्या वरच्या अंगाला बंदिस्त बोगदा असतो. आत एकसारखा एलईडी प्रकाश आणि कॅमेरा. वस्तू कोणती, तिचा मध्य कुठे, ती कशी पडली आहे, हे तिथे ठरतं. पट्ट्याला जोडलेला एन्कोडर पट्टा किती सरकला ते मोजत राहतो, आणि वस्तू खाली पोहोचली की तीन भुजांचा डेल्टा हात झेप घेऊन रबरी चोषकाने, म्हणजे सक्शन कपने, ती उचलून बाजूच्या घसरणीत टाकतो.

डोळा खरोखर चांगला आहे. जुनी ऑप्टिकल यंत्रं जवळच्या अवरक्त किरणांनी प्लास्टिकची जात ओळखतात. पेट (पीईटी) या प्लास्टिकची बाटली आणि त्याच पेटचा फळांचा ट्रे त्यांना एकच दिसतात, कारण दोन्हींचं रसायन एकच. कॅमेऱ्याला आकार दिसतो, म्हणून तो दोन्ही वेगळे काढतो. हा फरक पैशांचा आहे : ट्रेचं प्लास्टिक ठिसूळ, धुण्याच्या टाकीत त्याचा भुगा होतो आणि बाटल्यांच्या गठ्ठ्यात ट्रे फार झाले की घेणारा भाव पाडतो. काळ्या प्लास्टिकचंही तसंच. काजळीचा रंग अवरक्त किरण गिळून टाकतो, त्यामुळे जुन्या यंत्राला काळा डबा दिसतच नाही. कॅमेऱ्याला तो दिसतो, मात्र तो पीपी (पॉलिप्रोपिलीन) या प्लास्टिकचा की पीएसचा (पॉलिस्टायरिन) हे सांगता येत नाही. लेबल निघालेली, चेचलेली पांढरी बाटली एचडीपीईची की पीपीची, इथेही कॅमेरा अडखळतो. दोन्ही डोळे एकत्र असलेली मांडणी सर्वांत भरवशाची, पण त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

रड आहे ती हाताची. चोषकाला सपाट, कोरडी, भोक नसलेली जागा लागते. चेचलेल्या बाटलीला चीर असेल तर हवा आत शिरते आणि पकड सुटते. पातळ पिशवी ओढली गेली की चोषकाचं तोंडच बंद होतं आणि पुढच्या कित्येक उचली फुकट जातात. ओला कागद फाटतो. अर्धी भरलेली पाण्याची बाटली उचलताना पकड टिकली, तरी झटक्यात फिरवताना सुटते, आणि भलत्याच घसरणीत पडते. झाकण बंद असलेली फुगीर बाटली पट्ट्यावर गडगडते. कॅमेऱ्याने पाहिलेली जागा एक आणि हात पोहोचतो तेव्हाची दुसरी. पट्टा ढिला होऊन घसरला तरी एन्कोडर चुकतो आणि सगळ्याच उचली बोटभर मागे-पुढे पडू लागतात. नवख्या चालकाला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. आधी पट्ट्याचा ताण तपासावा.

यावर उपाय यंत्रात कमी आणि यंत्राच्या आधी जास्त आहे. माल पट्ट्यावर एका थरात यायला हवा. त्यासाठी आधी पिशव्या फाडणं, बारीक कचरा चाळून काढणं, मग थरथरत्या फीडरवरून जास्त वेगाच्या पट्ट्यावर माल टाकून तो विरळ करणं, एवढं हवंच. काच आधी बाहेर काढली नाही, तर तिचे तुकडे चोषकाचं रबर कापतात. जिथे माल ढिगाने येतो तिथे कॉर्टेक्स बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

मग बसवायचा कुठे? आमच्या मते दोन जागा. पहिली, गठ्ठा बांधण्याआधीची शेवटची तपासणी. ९५ टक्के पेट असलेल्या पट्ट्यावरून चुकार पीव्हीसी, ट्रे, रंगीत बाटल्या काढायच्या. इथे उचली कमी, पण प्रत्येक उचलीने गठ्ठ्याचा दर्जा वाढतो. दुसरी, फेकायच्या मालाच्या पट्ट्याचं टोक, जिथे निसटलेले कॅन परत मिळवता येतात. मधल्या, मोठ्या प्रवाहात हवेच्या झोताची यंत्रं सरस ठरतात : पट्ट्याच्या टोकाला ओळीने नळ्या, वस्तू हवेत उडाली की एक-दोन झडपा काही मिलिसेकंद उघडतात. एका वेळी अनेक वस्तू, त्यामुळे तासाला काही टन. कॉम्प्रेसरचं वीजबिल दणदणीत आणि शेजारच्या वस्तूही कधीकधी उडतात, पण माल टनावारी निघतो. गंमत म्हणजे एएमपी स्वतःही त्याच वाटेला लागली. डोळा तोच ठेवून हाताच्या जोडीला हवेचे झोत आणले, आणि आता नुसती यंत्रं विकण्याऐवजी अख्खी केंद्रं चालवण्याकडे तिचा कल आहे.

बांधकामाचा राडारोडा असेल तर ही जात सोडून द्यावी. लाकूड, दगड, सळया उचलायला फिनलंडच्या झेनरोबोटिक्सचा ‘हेवी पिकर’ आहे. त्याला चोषक नाही, जबडा आहे आणि तो ३० किलोपर्यंत उचलतो. ही कंपनी २०२२ मध्ये टेरेक्सने घेतली.

देखभाल किचकट नाही, पण चुकवता येत नाही. दर पाळीला कॅमेऱ्याची काच पुसणं, चोषक तपासून झिजलेला बदलणं, व्हॅक्यूमच्या ब्लोअरची गाळणी झटकणं. ब्लोअरच्या दाबाचा काटा सगळ्यांना दिसेल असा लावावा. गाळणी तुंबली की उचली हळूहळू घटतात, आणि दोष मात्र यंत्राच्या बुद्धिमत्तेला दिला जातो. वेष्टनं बदलली, सणासुदीला नवे डबे आले, की ओळख थोडी ढळते. वस्तू ओळखणारं संगणकी मॉडेल नव्या चित्रांवर पुन्हा शिकवण्याची जबाबदारी कोणाची आणि किती दिवसांत, हे करारात लिहून घ्यावं.

महाराष्ट्रातल्या सुका कचरा केंद्रांनी मात्र वेगळा हिशेब करावा. अमेरिकेत बाटल्या आणि कॅन घराच्या डब्यातूनच पट्ट्यावर येतात. आपल्याकडे पुण्यात ‘स्वच्छ’सारख्या संस्थेचे कचरावेचक आणि गल्लीतले भंगारवाले पेट, पुठ्ठा, पत्रा आधीच काढून घेतात. केंद्रावर उरतात पिशव्या, वेफर्सची पाकिटं, एमएलपी (अनेक थरांची प्लास्टिक वेष्टनं), म्हणजे नेमकं तेच, जे चोषकाला उचलता येत नाही. शिवाय ओल्या कचऱ्याचा चिकटा. अशा मालाला हवेचा झोत बरा, किंवा नुसता डोळा घेऊन पट्ट्यावर काय जातं याची मोजदाद करावी. भारतात अहमदाबादची इशित्व रोबोटिक सिस्टिम्स झोताचं यंत्र, हात आणि कॅमेरा वेगवेगळे देते. तीन्ही एकदम घेण्याची घाई नको.

खरेदीआधी विक्रेत्याच्या दालनातली चाचणी धरू नये, तिथला माल धुतलेला असतो. आपल्याच केंद्रातला न निवडलेला माल न्यावा. त्यात १०० बाटल्यांवर रंगाची खूण करून त्या मिसळाव्यात, पट्टा रोजच्या वेगाने चालवावा आणि तीन फेऱ्या घ्याव्यात. घसरणीत खुणेच्या किती आल्या, ती वसुली. घसरणीतल्या एकूण वजनात बाटल्यांचं वजन किती, ती शुद्धता. विक्रेते बहुधा शुद्धतेचाच आकडा सांगतात, वसुलीचा मागून घ्यावा लागतो. तिसरी फेरी मुद्दाम पाणी शिंपडलेल्या मालाची घ्यावी.