जुनेच पिस्टन परत बसवले: पद्मिनीच्या इंजिनाचा आठ महिन्यांचा अनुभव

गाडी वडिलांची, १९८६ची प्रीमियर पद्मिनी. गेल्या वर्षी आंबा घाट चढताना निळा धूर इतका निघायला लागला, की मागच्या गाड्या हॉर्न मारून पुढे जायच्या. चारशे किलोमीटरला लिटरभर ऑइल जात होतं.

पहिल्या गॅरेजमध्ये इंजिन न खोलताच सांगितलं, "चारही पिस्टन बदला, बोअर चाळीस साइज करा." मी तयार झालो नाही. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिमी. वीस साइज म्हणजे तो इंचाच्या वीस हजारांश भागाने वाढवलेला, चाळीस म्हणजे चाळीसने. वडिलांनी एकदा वीस साइज मारून घेतलेला. आता चाळीस मारला की पुढच्या वेळी स्लीव्हशिवाय, म्हणजे सिलिंडरमध्ये नवी नळी ठोकल्याशिवाय, गत नाही. ब्लॉकमधून एकदा कापलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून एक साइज वाचत असेल तर ती वाचवायचीच होती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मिस्त्री म्हणाले, "दादा, आधी खोलू, मोजू, मग बोलू."

खोलण्याआधी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला. पहिले तीन सिलिंडर शंभर ते एकशे पाच पीएसआय, चौथा फक्त सत्तर. चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं तर काटा शंभराच्या जवळ गेला. ऑइलने पिस्टनभोवतीच्या रिंगांची फट तेवढ्यापुरती भरली. म्हणजे व्हॉल्व्ह नाही, गळती रिंगांकडूनच.

पिस्टन काढून त्यांवर आतल्या बाजूने नंबर टाकले आणि रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेवले. ते कॉस्टिकच्या पाण्यात कधीच टाकू नका, अॅल्युमिनियम खाऊन जातं. कार्बन मऊ झाल्यावर रिंगा बसतात त्या खाचा जुन्या रिंगच्या तुकड्याने हलक्या हाताने खरवडल्या. वायर ब्रश लावला नाही. ऑइल रिंगच्या खाचेतली बारीक भोकं दुसऱ्या पिस्टनला पूर्ण बुजली होती. सिलिंडरवरून खरवडलेलं ऑइल खाली परत जायची तीच वाट. ती बंद झाल्यावर ऑइल वर चढून जळणारच. ड्रिलचं पातं बोटांनी फिरवून एकेक भोक मोकळं केलं.

मग मापं. पिस्टन दिसायला गोल, पण असतो किंचित अंडाकृती आणि डोक्याकडे निमुळता. म्हणून मायक्रोमीटर स्कर्टच्या, म्हणजे रिंगांखालच्या बाजूच्या भिंतीच्या, खालच्या भागात, पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनला काटकोनात लावायचा. दुसरीकडे लावला तर चांगला पिस्टनही बाद ठरतो. बोअर आणि स्कर्टमधला फरक चारही ठिकाणी ०.०८ ते ०.०९ मिमी आला, मिस्त्रींच्या भाषेत साडेतीन थाऊच्या (इंचाच्या हजारांश भागांच्या) आसपास. नव्याइतका घट्ट नाही, पण चालण्यासारखा.

खरी परीक्षा वरच्या खाचेची. आगीच्या सगळ्यात जवळ तीच, आणि फिल्टरमधून सुटलेली धूळ आधी तिलाच खाते. नवी रिंग खाचेत ठेवून शेजारून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पानं, घातला. तीन पिस्टनांत ०.०८चं पान अडत होतं. चौथ्यात ०.१५चं पान आत जाऊन वर-खाली हलत होतं. खाच चौकोनी राहिलीच नव्हती, तोंडाशी पसरली होती. अशा खाचेत कितीही चांगली रिंग टाका, ती डुगडुगणार आणि एक दिवस तुटणार. तो पिस्टन बाद केला.

त्याच्या जागी वीस साइजचा एक नवा सुटा पिस्टन मिळवला. गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर चारही तोलले. नवा अकरा ग्रॅम जड निघाला. मिस्त्रींनी तो आतून, पिनच्या गाठीखालून थोडा थोडा घासत बाकीच्यांच्या दोन ग्रॅमच्या आत आणला. या एका कामासाठी त्यांनी अर्धा दिवस दिला.

बोअरच्या वरच्या टोकाला नख अडेल अशी कड झाली होती. ती रीमरने काढली. ती तशीच ठेवली असती, तर नवी वरची रिंग तिथे आपटून पिस्टनची कड फुटली असती. मग नव्या रिंगा बसाव्यात म्हणून बोअरला होनिंग करून, म्हणजे दगडाने घासून, तिरक्या रेघा पाडल्या. रिंगचं तोंड, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, बोअरमध्ये मोजून ०.३० मिमी ठेवलं. जुने तीन पिस्टन आपापल्या सिलिंडरमध्ये, पहिल्याच दिशेने गेले.

आज आठ महिने आणि ४,२०० किलोमीटर झाले. हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल घालावं लागतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत १२० ते १२६. गगनबावड्याचा घाट गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढते, आरशात धूर दिसत नाही. पेट्रोलचा अॅव्हरेज अकरावरून तेराला आला.

एक उणीव आहे. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की पहिल्या सिलिंडरमधून टकटक येते. पिस्टनचं अॅल्युमिनियम ब्लॉकच्या बिडापेक्षा (ओतीव लोखंडापेक्षा) जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे इंजिन तापलं की फट भरते आणि दोन मिनिटांत आवाज जातो. तोवर मी रेस करत नाही. रोज पन्नास-साठ किलोमीटर हायवेवर पळवायची गाडी असती, तर मी सरळ बोअर मारून नवा सेट टाकला असता. आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीला हे काम योग्य वाटतं, पण प्रत्येक माप स्वतः डोळ्यांनी बघितलं तरच.

आवाज दर महिन्याला घड्याळ लावून मोजतो. दोन मिनिटांचा तो पाचवर गेला की हेड उतरवणार, आणि तेव्हा चाळीस साइज.