पैसा एकाच गोष्टीपुरता असेल तर: इनक्युबेशन सेंटर, पेटंट कक्ष, प्रायोजित संशोधन की को-ऑप?

उद्योजकता वाढवायचं ठरलं की विद्यापीठात पहिली मागणी बहुधा जागेची येते. इनक्युबेशन सेंटरची, म्हणजे नव्या कंपन्यांना सुरुवातीला जागा आणि सोयी देणाऱ्या केंद्राची, पाटी लावता येते, उद्घाटन करता येतं, वार्षिक अहवालात फोटो देता येतो. पण हातात एकाच उपक्रमापुरता पैसा आणि तीन-चार माणसं असतील, तर सुरुवात कुठून करावी? हा निर्णय ज्यांच्याकडे आहे त्या अधिष्ठात्यांसाठी आणि विभागप्रमुखांसाठी हा आढावा. माझं मत आधीच सांगतो: सुरुवात विद्यार्थी आणि कंपन्या यांना एकत्र कामाला लावण्यापासून, म्हणजे को-ऑपपासून करावी. इमारतीचा विचार नंतर.

पेटंट कक्षाचं, म्हणजे संशोधकांच्या शोधांची पेटंटं घेऊन ती वापरायचे परवाने कंपन्यांना देणाऱ्या कार्यालयाचं, आकर्षण मी समजू शकतो, कारण त्यामागे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची उदाहरणं उभी आहेत. तिथलं परवाना कार्यालय १९७० साली सुरू झालं. कोहेन आणि बॉयर या शास्त्रज्ञांच्या जनुक जोडण्याच्या तंत्राच्या पेटंटचा परवाना या कार्यालयाने कुणा एकाच कंपनीला न देता मागेल तिला दिला. एकूण ४६८ परवाने गेले आणि सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर आले. गूगलच्या शोधतंत्राच्या बदल्यात मिळालेले १८ लाख शेअर २००५ पर्यंत विकून स्टॅनफर्डला ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. मात्र असे शोध अपवादानेच लागतात. पेटंटची फी, वकिलांचा खर्च आणि दरवर्षीची नूतनीकरणाची रक्कम सुरुवातीलाच भरावी लागते. परवाना घेणारा भेटलाच तर तो काही वर्षांनी भेटतो. अमेरिकेतही बहुतेक विद्यापीठांच्या अशा कार्यालयांचा खर्च परवान्यांच्या उत्पन्नातून भरून निघत नाही. उत्पन्नाच्या आशेने पेटंट कक्ष उघडू नका. आपल्या संशोधकांचे शोध बाहेर वापरले जावेत हा हेतू असेल तर उघडा, आणि खर्च हा खर्च म्हणूनच मांडा.

या कक्षाहून कितीतरी स्वस्त आणि जास्त परिणामकारक गोष्ट म्हणजे मालकीचा स्पष्ट नियम. नॉर्वेत २००३ पर्यंत प्राध्यापकाच्या शोधाची मालकी प्राध्यापकाचीच असे. मग कायदा बदलला आणि मोठा हिस्सा विद्यापीठाकडे गेला. त्यानंतर संशोधकांनी काढलेल्या नव्या कंपन्या आणि त्यांची पेटंटं, दोन्हींचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. उलट कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शोध ज्याने लावला त्याचा, असा नियम आहे, आणि तिथून निघालेल्या कंपन्यांचं जाळं आज शहरभर पसरलं आहे. शीर्षकातले चारही पर्याय बाजूला ठेवले तरी हा नियम पहिल्याच वर्षी दोन पानांत लिहून जाहीर करावा. त्याला निधी लागत नाही, फक्त विद्यापीठाने आपला वाटा कमी घ्यायची तयारी लागते.

प्रायोजित संशोधनात, म्हणजे कंपनीच्या पैशावर केलेल्या संशोधनात, पैसा लवकर येतो, कंपनी प्रश्न घेऊन येते, प्रयोगशाळा चालत राहते. धोका आहे तो अवलंबून राहण्याचा. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या एका वनस्पतिशास्त्र विभागाने १९९८ मध्ये नोव्हार्टिस या औषध कंपनीशी पाच वर्षांचा अडीच कोटी डॉलरचा करार केला. बदल्यात विभागाच्या सुमारे एक तृतीयांश शोधांच्या परवान्यासाठी वाटाघाटीचा पहिला हक्क कंपनीला मिळाला, शिवाय निधी वाटणाऱ्या पाच जणांच्या समितीत दोन जागा. वाद पेटला. पुढे बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेल्या आढाव्यात सबंध विभाग एका कंपनीला जोडणारे करार टाळावेत, असं सुचवलं गेलं. म्हणून करार प्रकल्पापुरते करा, आणि विद्यार्थ्याचा प्रबंध कुठल्याही कलमामुळे अडणार नाही हे सही करण्याआधी तपासा. गोपनीयतेच्या नावाखाली एखाद्याची पदवी रखडली तर ती भरपाई कुठल्याच निधीतून होत नाही. मसुदा शून्यातून लिहायची गरज नाही: ब्रिटनमध्ये २००५ पासून लँबर्ट करारांचे, म्हणजे विद्यापीठ आणि कंपनी यांच्यातल्या संशोधन करारांचे, नमुने सर्वांसाठी खुले आहेत.

आता को-ऑप, म्हणजे शिक्षणाचं एक सत्र वर्गात आणि पुढचं पगारी नोकरीत. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात ही पद्धत १९०६ मध्ये सुरू झाली. वॉटर्लू १९५७ मध्ये सुरू झालं तेच या पद्धतीवर. सुट्टीतल्या इंटर्नशिपपेक्षा हे वेगळं, कारण विद्यार्थी चार-चार महिने आणि पुन्हा पुन्हा कामावर जातो. ग्राहक पैसे कशासाठी देतो, माल कुठे अडतो, कुठलं काम सगळे टाळतात, हे त्याला आतून कळतं. नव्या धंद्याची कल्पना बहुतेक अशाच अडचणीतून निघते. शिवाय शिकलेलं पुढे कधीही उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी काढतानाचं सरासरी वय ४५ च्या आसपास निघालं आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून लगेच कंपनीची अपेक्षा करणारी धोरणं इथेच चुकतात.

खर्च मात्र कमी नाही. जागा शोधणारी, कंपन्यांशी सतत बोलणारी पूर्णवेळ माणसं लागतात. त्याहून अवघड म्हणजे वेळापत्रक: निम्मे विद्यार्थी बाहेर असताना तोच विषय वर्षात दोनदा शिकवावा लागतो, आणि प्राध्यापक आधी विरोध करतात तो इथे. सगळं विद्यापीठ एकदम बदलता येत नसेल तर एक विभाग घ्या. छोट्या कंपन्यांसाठी ब्रिटनच्या नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिपसारखी योजना पाहा. त्यात एक पदवीधर प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली कंपनीत एक ते तीन वर्षं एकच प्रश्न सोडवतो, आणि खर्च सरकार व कंपनी वाटून घेतात.

इनक्युबेशन सेंटर पहिलं घ्यावं अशी एक परिस्थिती आहे. जैवतंत्रज्ञान किंवा नव्या पदार्थांवर काम करणारे संघ तुमच्याकडे आधीपासून तयार असतील, तर त्यांना घरच्या खोलीत काम करता येत नाही. त्यांना ओली प्रयोगशाळा (जिथे रसायनं आणि जैविक नमुने हाताळता येतात), महागडी उपकरणं आणि ती चालवणारा तंत्रज्ञ हवा असतो. तेव्हा पैसा टेबलांवर न घालता उपकरणांच्या वापराच्या तासांवर घाला. बाहेरच्या लोकांना आणि जुन्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश ठेवा. मुक्कामाची मुदत आणि विद्यापीठाचा हिस्सा आत येतानाच ठरवा. असे तयार संघ कोणते, ही यादी मागवल्यावर विभागांकडून नावं आली नाहीत, तर तो पैसा को-ऑपच्या माणसांच्या पगाराकडे वळवा.