इम्पालाला 2400 स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर: नाशिकमधल्या वापरानंतरचा अनुभव

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्या मधला, तेलातून ताकद पुढे पोचवणारा भाग; स्टॉल म्हणजे काय ते पुढे सांगतोच. आधी गाडीची माहिती, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. 1970 ची शेव्हरोले इम्पाला. 350 क्युबिक इंच, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन. टर्बो-हायड्रामॅटिक 350 हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. डिफरन्शियलचा रेशो 3.36, टायरची उंची 27 इंच. इंजिनात मूळपेक्षा जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट आणि चार बॅरलचा कार्बोरेटर. गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या पुढे.

कॅमशाफ्ट बदलल्यावर इंजिनाची खरी ओढ 2000 आरपीएमच्या आसपास सुरू व्हायला लागली. मूळ 12 इंची कन्व्हर्टर मात्र गाडी सुटताना इंजिनाला 1700 च्या वर जाऊच देत नव्हता. मुंबई नाक्याच्या सिग्नलला पाय दाबला की गाडी आधी विचार करायची, मग निघायची. शिवाय डी मध्ये उभी असताना आयडल 600 वर घसरायचं, सगळी गाडी थरथरायची आणि ब्रेकवर पाय रोवून बसावं लागायचं. इंजिनाचं काम उत्तम झालं होतं, पण त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नव्हती. म्हणून कन्व्हर्टर बदलायचं ठरलं.

दिवाळीच्या आधी नवा बसवला. त्यानंतर नाशिकची थंडी, एप्रिल-मेचं ऊन आणि आता पावसाळा, तिन्ही ऋतूंत गाडी चालवून झाली आहे.

स्टॉलच्या आकड्याबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कन्व्हर्टरच्या आत इंजिनाबरोबर फिरणारा पंप, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा टर्बाइन आणि मधे एकाच दिशेने फिरू शकणारा स्टेटर असतो. गाडी जागेवर उभी, टर्बाइन अडलेला, आणि इंजिनाला पूर्ण थ्रॉटल, अशा वेळी इंजिन जिथवर चढून थांबतं ते स्टॉल. हीच ती वेळ, जेव्हा स्टेटरमुळे टॉर्क दुपटीच्या आसपास वाढून मिळतो. टर्बाइनने पंपाचा वेग जवळपास गाठला की ही वाढ संपते.

म्हणजे स्टॉल हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनाला लावला तर आकडा वर जातो, कमी टॉर्कच्या इंजिनाला लावला तर खाली येतो. बॉक्सवर छापलेला 2400 कुणाच्या तरी इंजिनावरचा 2400 असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास आहे, हवा थोडी विरळ, त्यामुळे कार्बोरेटरच्या इंजिनाचा टॉर्कही थोडा कमीच. माझ्याकडे फ्लॅश स्टॉल, म्हणजे एकदम पाय दाबल्यावर दिसणारा स्टॉल, 2300 च्या जवळ येतो. तो बघायचा तर हळू चालत्या गाडीत एकदम पूर्ण पाय दाबायचा आणि टॅकोमीटरचा काटा कुठे उडी मारून थांबतो ते पाहायचं. ब्रेक दाबून मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका. माझ्या गाडीत 1900 च्या पुढे ब्रेक हरतात आणि मागची चाकं फिरायला लागतात. ती चाचणी करायचीच असेल तर चारपाच सेकंदांच्या वर नको, तेवढ्यातही तेल झपाट्याने तापतं.

निवडताना बहुतेकांचा सल्ला 3000 घे असा होता. सुटताना मजा येईल, असं म्हणायचे. येईलही. पण मी उलटीकडून हिशेब केला. टायर 27 इंची, रेशो 3.36, तिसरा गिअर थेट 1.00. म्हणजे घसरण (पंप आणि टर्बाइनच्या वेगातला फरक) न धरता 60 च्या वेगाला 1560 आरपीएम, 80 ला 2080, 100 ला 2600. गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, पाथर्डी फाटा, आपली गाडी शहराच्या आसपास राहते ती 40 ते 80 मध्येच. या गिअरबॉक्सला लॉकअप नाही, म्हणजे पंप आणि टर्बाइन एकत्र जखडून घसरण बंद करणारा क्लच नाही. 3000 चा कन्व्हर्टर या वेगात कायम थोडा घसरत राहणार, आणि घसरण म्हणजे उष्णता. हलक्या थ्रॉटलला इंजिन काही स्टॉलच्या आकड्यावर जाऊन बसत नाही, हे खरं; पण चढ आला, माणसं बसली, एसी चालू झाला की फरक लगेच काट्यावर दिसतो. ज्या वेगात गाडी रोज राहते तिथला आरपीएम स्टॉलच्या फार खाली नको, एवढी एकच कसोटी लावायची असं मी ठरवलं आणि त्यावर आजही ठाम आहे.

कन्व्हर्टर अमेरिकेतल्या एका लहान वर्कशॉपमधून बनवून घेतला. त्यांनी वजन, कॉम्प्रेशन, कॅमचे आकडे, डिफरन्शियल, टायर, गावाची उंची, वापर, सगळं फॉर्मवर भरून घेतलं. मला हीच पद्धत पटली. नुसता गिअरबॉक्सचा मॉडेल विचारून माल पाठवणाऱ्याकडून घेऊ नये. नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याच दुकानातून तुमच्या गाडीसाठी येणारा कन्व्हर्टर आतून वेगळा असेल. मी आग्रहाने मागितलं ते एवढंच: पाती नुसती अडकवलेली नकोत, भट्टीत ब्रेझिंग केलेली, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधलेली हवीत, आणि आत थ्रस्ट वॉशरऐवजी नीडल बेअरिंग. मूळच्या कन्व्हर्टरमध्ये पाती टॅब वाकवून बसवलेली असतात. जोराच्या वापरात तीच आधी ढिली होतात. अँटी-बलूनिंग प्लेट, म्हणजे दाबाने कन्व्हर्टर फुगू नये म्हणून लावतात ती, घेतली नाही. नायट्रस किंवा ट्रान्स-ब्रेक अशी शर्यतीची साधनं नसलेल्या रस्त्यावरच्या गाडीला ती लागत नाही.

ऑर्डरच्या आधी फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी दातेरी तबकडी, नक्की बघा. स्मॉल ब्लॉकला (शेव्हरोलेच्या 350 च्या कुळातल्या इंजिनांना) 153 दातांची आणि 168 दातांची अशा दोन येतात, आणि कन्व्हर्टरचे बोल्ट 10.75 किंवा 11.5 इंचांच्या वर्तुळावर. शिवाय 1986 पासूनच्या एका तुकड्याच्या रिअर सीलच्या इंजिनाची फ्लेक्सप्लेट वजन लावून बॅलन्स केलेली असते, ती जुन्या 350 ला चालत नाही.

इथेच अंबडला कापून, पाती वाकवून स्टॉल वाढवून देतो असंही एकाने सांगितलं होतं. अंबड-सातपूरच्या लेथवाल्यांच्या हातात कसब आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण कन्व्हर्टर पुन्हा वेल्ड केल्यावर हबचा रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) आणि बॅलन्स जिगवर तपासायला लागतो. ती सोय असेल तिथेच द्यावं.

बसवण्याचं काम मात्र इथल्याच आमच्या जुन्या मिस्त्रींनी केलं, आणि ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. कन्व्हर्टरच्या आत आधी एक लिटरभर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, ओतलं. मग कन्व्हर्टर शाफ्टवर ठेवून हळूहळू फिरवत आत ढकलला. खट्, एक. पुन्हा फिरवला, खट्, दोन. तिसऱ्याला वेळ लागला. माझा हात बोल्टांच्या डब्याकडे गेला तसे ते म्हणाले, "थांबा भाऊ, पंपाचे दात अजून बसले नाहीत. असाच आवळला तर पंप फुटेल." दोन्ही हातांनी अलगद उचलून अर्धा वेढा दिला आणि तिसरा खट् आला. गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर त्यांनी 4 मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा दांडा फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टरच्या पॅडमध्ये सरकवून पाहिला. बरोबर गेला. ही फट 3 ते साडेचार-पावणेपाच मिलिमीटर हवी. अजिबात फट नसेल तर काहीतरी नीट बसलेलं नाही. तिथे बोल्ट आवळून ओढायचा नाही.

आता चालवतानाचं. सिग्नलवरून गाडी सुटते तेव्हा इंजिन थेट कॅमच्या ओढीत असतं. पहिला गिअर 2.52, त्यावर कन्व्हर्टरची वाढ, आणि लांबलचक बोनेट किंचित उचललं जातं. तो अडखळता क्षण पूर्ण गेला. डी मध्ये उभी असताना आयडल 750 च्या खाली येत नाही, ब्रेकवर पाय नुसता ठेवला तरी पुरतो. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत एवढी मोठी गाडी इतक्या शांतपणे सरकेल असं मला वाटलं नव्हतं. रोजच्या वापरात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

तेलाचं तापमान हा या खरेदीचा अर्धा भाग धरा. रेडिएटरच्या टाकीतून आलेलं तेल मी पुढच्या जाळीमागच्या वेगळ्या प्लेट कूलरमधून फिरवतो, त्याला पंखा आहे, आणि संपमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या तबकात, सेन्सर. मे महिन्यात द्वारकेला नुसत्या रेडिएटरवर काटा 105 अंशांवर गेला होता, पंखा लावल्यावर 90 च्या आसपास स्थिरावला. ठोकताळा असा आहे की 80 अंशांच्या पुढे दर 10-11 अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. 120 अंश म्हणजे गाडी बाजूला घ्यावी.

कसारा घाट चढताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रकच्या मागे 60 ने चढताना डी मध्येच ठेवली तर तिसऱ्या गिअरला टर्बाइन 1560 वर, इंजिन मात्र 2300 कडे धावतं, मधला सगळा फरक तेल तापवतो. काटा 110 पार करतो. लिव्हर दोनवर ओढला की 1.52 च्या रेशोने टर्बाइन 2370 वर येतो, घसरण जवळपास थांबते आणि इगतपुरी यायच्या आत काटा 95 वर उतरतो. आवाज वाढला म्हणून घाबरू नका, गिअरबॉक्सला तेच हवं असतं. उतरताना उलट अडचण: इंजिन ब्रेकिंग मूळ कन्व्हर्टरपेक्षा कमी मिळतं. दोनमध्येच उतरायचं आणि ब्रेक चांगल्या स्थितीत ठेवायचे.

इगतपुरीहून समृद्धी महामार्गावर चढलं की 100 ला 2600, 120 ला 3100 च्या पुढे. तापमान अगदी स्थिर, कारण इथे कन्व्हर्टर जवळपास पूर्ण पकडीत असतो, पण इंजिनाचा आवाज दोन तासांनी थकवतो. नागपूरपर्यंतचे सव्वासहाशे किलोमीटर वरचेवर करणार असाल तर या गिअरबॉक्सला कन्व्हर्टर शोधत बसू नका. 1982 पासून आलेला 700आर4 हा चार गिअरचा ऑटोमॅटिक घ्या. पहिला गिअर 3.06, चौथा 0.70, आणि लॉकअप. 100 च्या वेगाला इंजिन 1820 वर येईल, आणि लॉकअप असल्यामुळे जास्त स्टॉलचा कन्व्हर्टरही निर्धास्त घेता येईल. मी घेतला नाही कारण मला मूळ जातीचा गिअरबॉक्स ठेवायचा होता, आणि माझं फिरणं नाशिक जिल्ह्यातलंच जास्त.

पेट्रोलचं विचाराल तर शहरात लिटरमागे आधीही पाचाच्या आत होतं, आताही आहे. हायवेला किंचित कमी झालं असावं.

नव्या गाड्यांवाले मित्र विचारतात म्हणून: स्लाव्हिया-व्हर्टसच्या 1.0 टीएसआयमधल्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकलाही टॉर्क कन्व्हर्टरच आहे, पण त्याचा लॉकअप कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे स्टॉलच्या भानगडीत पडू नका. रिमॅप केला असेल, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवली असेल, तर एटीएफ वेळेआधी बदला आणि स्थिर वेगाला बारीक थरथर जाणवते का, याकडे लक्ष ठेवा. लॉकअपचा क्लच घसरायला लागल्याची ती पहिली खूण.

माझ्या गाडीचं तेल उन्हाळ्यानंतर बदललं. रंग लालच होता, जळका वास नाही, चुंबकावर नेहमीचा बारीक राखाडी लेप. व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा (इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून गिअर कधी पडायचा ते ठरवणाऱ्या भागाचा) स्क्रू एकदा जुळवून घ्यावा लागला, कारण नव्या कॅमचा आयडल व्हॅक्यूम कमी आहे आणि शिफ्ट उशिरा पडत होत्या. आता कूलरच्या रबरी नळ्या बदलून ब्रेडेड टाकतोय, पावसाळा संपला की.